पाऊल उचलण्यापूर्वी : कंपवातातील चेष्टाप्रवर्तनाचा विचार

कंपवात हा शब्द उच्चारताच बहुतेक चिकित्सकांच्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात उभा राहतो. रुग्ण तीच तक्रार घेऊन येतो, नातेवाईकही तीच सांगतात आणि व्याधीचे नावही कंपावरूनच पडलेले आहे. परंतु या व्याधीत रुग्णाचे जिणे अवघड होते ते मुख्यतः कंपामुळे नव्हे, तर हालचाल सुरू करता न आल्यामुळे. खुर्चीतून उठावेसे वाटते, पण उठणे घडत नाही. बोलावेसे वाटते, पण आवाज फुटत नाही. स्नायूंत बळ असते, सांधे शाबूत असतात, इच्छाही असते. मात्र इच्छा आणि कृती यांच्यामध्ये मेंदूत जी तयारी व्हावयास हवी, ती अपुरी पडते. प्रस्तुत लेखात या पूर्वतयारीचा विचार करावयाचा असून, व्यवसायबंधूंना व औषधविक्रेत्यांना त्याचा प्रत्यक्ष कामी काय उपयोग आहे, हे सांगण्याचा प्रयत्न आहे.

एक चुकलेले निदान

आरंभ स्वतःच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी माझ्या नेर येथील चिकित्सालयात साठीच्या आतबाहेरचे एक शेतकरी उजव्या खांद्याच्या वेदना व जखडलेपणा घेऊन आले. हात वर जात नव्हता. मधुमेह नव्हता, मार लागल्याचा इतिहास नव्हता. मी अवबाहुकाचे निदान केले. स्नेहन, स्वेदन, नस्य, महानारायण तेल, दशमूलारिष्ट असा क्रम आठ महिने चालला. वेदना थोडी उणावली. हात मात्र मोकळा झाला नाही. कंप तर औषधालाही नव्हता.

एके दिवशी त्यांच्यासोबत त्यांची पत्नी आली. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, यायले वावरात काही होत नाही. पऱ्हाटीच्या तासातून सरसर चालतात. पन घरी आले का उंबरठ्यापाशी पाय जमिनीले चिकटल्यासारखे होतात. पोरं म्हनतात, बाबा कामचुकार झाले."

या चार वाक्यांत निदान होते. मी त्यांना प्रथमच खोलीबाहेर काढून ओट्यावर चालावयास लावले. डावा हात चालीबरोबर हलत होता. उजवा अंगाला चिकटून राहिला होता. वळताना एका गिरकीऐवजी सात-आठ लहान पावले पडली. कागदावर नाव लिहावयास सांगितले, तेव्हा पहिले अक्षर ठीक व पुढची अक्षरे क्रमाने बारीक होत गेली. चेहऱ्यावरील भाव कमी झाले होते, पापण्या क्वचितच लवत होत्या. हे सर्व आठ महिन्यांपूर्वीही असणार. मी खांदा पाहिला, माणूस पाहिला नाही. मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे पाठविल्यावर पार्किन्सन व्याधीचे निदान निश्चित झाले. खांदा जखडणे हे या व्याधीचे आरंभीचे लक्षण असू शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

उपचारास आठ महिने विलंब झाला, याहून मला अधिक बोचले ते दुसरेच. एक कष्टाळू माणूस तितके महिने स्वतःच्या घरात आळशी म्हणून जगला. त्याला तसे ठरविणाऱ्यांना योग्य उत्तर देणे हे चिकित्सकाचे काम होते आणि ते माझ्याकडून झाले नाही.

हालचालीपूर्वी मेंदूत काय घडते

आपण हात उचलतो, तेव्हा हालचाल त्याच क्षणी सुरू झाली असे आपल्याला वाटते. वस्तुतः तिची तयारी आधीच सुरू झालेली असते. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे कॉर्नह्युबर व डेके या संशोधकांनी 1965 मध्ये हे दाखवून दिले. डोक्यावर विद्युत्-तारा लावलेली व्यक्ती स्वेच्छेने बोट हलवीत असताना तिच्या मेंदूतील सूक्ष्म विद्युत्-लहरी त्यांनी नोंदविल्या. प्रत्यक्ष हालचालीच्या सुमारे एक ते दीड सेकंद आधीपासूनच मेंदूच्या मध्यभागी एक मंद लहर चढत जात असल्याचे त्यांना आढळले. या लहरीस सिद्धतेची लहर म्हणता येईल. तिचा आरंभीचा भाग मुख्यतः मेंदूच्या वरच्या मध्यभागातील सप्लिमेंटरी मोटर एरिया या क्षेत्रातून उमटतो. कोणती हालचाल, कोणत्या क्रमाने व केव्हा करावयाची, याची आतल्या आत जुळवाजुळव करणारे हे क्षेत्र आहे.

हे क्षेत्र एकटे काम करीत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया या केंद्रसमूहाकडून त्याला सतत अनुमती मिळावी लागते. हव्या त्या हालचालीला वाट मोकळी करून देणे व नको त्या हालचालींना रोखून धरणे, हे या केंद्रसमूहाचे कार्य होय. त्यासाठी लागणारे डोपामीन हे द्रव्य सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळसर भागातील पेशी पुरवितात. पार्किन्सन व्याधीत याच पेशी क्रमशः नष्ट होतात. लक्षणे स्पष्ट होईपर्यंत त्यांतील फार मोठा भाग गेलेला असतो. डोपामीन उणावले की अनुमती मिळण्यास विलंब होतो आणि वरच्या क्षेत्रातील तयारी मंदावते. अशा रुग्णांत सिद्धतेच्या लहरीचा आरंभीचा भाग लहान झालेला आढळतो. लेव्होडोपा दिल्यावर तो काही अंशी वाढल्याचेही नोंदले गेले आहे.

मात्र मेंदूत हालचालीला प्रवृत्त करणारा मार्ग एकच नाही. स्वतःच्या मनाने केलेली हालचाल वर सांगितलेल्या मार्गाने होते. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेस किंवा कानांना ऐकू येणाऱ्या ठेक्यास प्रतिसाद म्हणून होणारी हालचाल बऱ्याच अंशी दुसऱ्या मार्गाने होते. त्यात मेंदूच्या पुढील भागाच्या बाह्य पृष्ठावरील प्रीमोटर क्षेत्र व लहान मेंदू यांचा वाटा अधिक असतो, आणि हा मार्ग या व्याधीत तुलनेने शाबूत राहतो. पऱ्हाटीच्या दोन तासांमधून तो शेतकरी सरसर चालत होता, त्याचे कारण हेच. कपाशीच्या सरळ ओळी त्याच्या पावलांना बाहेरून वाट दाखवीत होत्या. घराच्या अंगणात ती खूण नव्हती. अरुंद दारापाशी तर उलट अडथळाच होता. त्यात आळसाचा प्रश्नच नव्हता.

दोन वनस्पतींची कथा

या व्याधीचे वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये सहा रुग्णांच्या आधारे केले. तिचे कारण उलगडण्यास मात्र पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली, आणि त्या उलगड्यात आपल्या परिचयाच्या दोन वनस्पतींचा संबंध येतो, ही गोष्ट वैद्यवर्गास ठाऊक असावी.

पहिली सर्पगंधा. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरील सर्पगंधेचे अनुभव ब्रिटनमधील नियतकालिकात प्रसिद्ध केले व जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी प्राण्यांना रिसर्पिन दिले असता ते निश्चल झाले. त्यांना डोपा टोचताच थोड्याच वेळात ते पुन्हा हालचाल करू लागले. हा प्रयोग 1957 मध्ये प्रसिद्ध झाला व त्यातून डोपामीनचे महत्त्व उघड झाले. कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1960 मध्ये व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकीविच यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीनची उणीव प्रत्यक्ष मोजून दाखविली.

दुसरी कपिकच्छू, अर्थात खाजकुहिली. तिच्या बियांतून, म्हणजे कवचबीजातून, एल-डोपा हे द्रव्य दामोदरन व रामस्वामी यांनी मद्रास येथे 1937 मध्येच वेगळे केले होते. म्हणजे व्याधीचे कारण कळण्याच्या वीस वर्षे आधी औषध आपल्या हाती होते. मात्र कोणत्या कुलपाची ती किल्ली, हे ठाऊक नव्हते. मुंबईत डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये कपिकच्छूने केलेल्या पार्किन्सन चिकित्सेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1995 मध्ये एचपी-200 या कपिकच्छू-चूर्णाचा 60 रुग्णांवर 12 आठवड्यांचा बहुकेंद्री अभ्यास प्रसिद्ध झाला व त्यात लक्षणांत लक्षणीय सुधारणा आढळली. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. 2004 मध्ये लंडन येथे आठ रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात कपिकच्छूचा परिणाम नेहमीच्या लेव्होडोपा-कार्बिडोपापेक्षा लवकर सुरू झाला व अधिक काळ टिकला. संख्या लहान आहे, हे ध्यानात ठेवूनच त्याचे मोल करावे.

2000 साली प्रसिद्ध झालेला 18 रुग्णांचा एक आयुर्वेदीय अभ्यासही वैद्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. त्यात कपिकच्छू, पारसीक यवानी, अश्वगंधा व बला यांचे दुधातील मिश्रण देण्यात आले. शोधनानंतर शमन घेतलेल्या रुग्णांत केवळ शमन घेतलेल्यांपेक्षा अधिक लाभ दिसला. औषधाचे पृथक्करण केले असता प्रत्येक मात्रेत सुमारे 200 मिलिग्रॅम एल-डोपा निघाला. या आकड्याचे महत्त्व पुढे येईलच.

आयुर्वेदीय दृष्टिकोन

माधवनिदानातील वेपथु व बसवराजीयातील कंपवात ही वर्णने सर्वांच्या परिचयाची आहेत. बसवराजीयकारांनी हातापायांच्या कंपासोबत निद्राभंग व बुद्धीची क्षीणता यांचाही उल्लेख केला आहे, हे विशेष. तथापि चेष्टाप्रवर्तनाच्या दृष्टीने केवळ कंपाच्या वर्णनापाशी थांबणे पुरेसे नाही. चरकाचार्यांनी वायूला सर्व चेष्टांचा प्रवर्तक व मनाचा नियंता म्हटले आहे. अंगांची गती, आकुंचन-प्रसारण, पापण्यांची उघडझाप ही व्यानाची कर्मे होत. परंतु वाणीची प्रवृत्ती व प्रयत्न ही कर्मे उदानाकडे दिलेली आहेत. कंपवाताच्या रुग्णात आवाज क्षीण होणे आणि कृतीचा आरंभ अडणे ही दोन लक्षणे बरोबरीने दिसतात, हे पाहता उदानदुष्टीचा विचार येथे अगत्याने करावा असे वाटते. आचार्यांनी प्रयत्न हे गतीहून वेगळे कर्म मानले, यात मोठे निरीक्षण आहे. गती शाबूत असूनही प्रयत्न अडू शकतो, हे त्या शेतकऱ्याने मला शिकविले.

या रुग्णांतील मलबद्धता पुष्कळदा कंपाच्या कित्येक वर्षे आधी सुरू झालेली असते. पक्वाशय हे वाताचे मुख्य स्थान मानणाऱ्या वैद्यास यात नवल वाटणार नाही. मात्र दोन शास्त्रांच्या भाषेत साम्य आढळले म्हणजे एकाने दुसऱ्याची सिद्धता झाली, असे मानू नये. हे साम्य आपल्याला योग्य प्रश्न विचारण्यास प्रवृत्त करते, इतकाच त्याचा उपयोग.

चिकित्सालयात काय पाहावे

आधुनिक निकषांनुसार या निदानासाठी हालचालींचे मंदत्व आवश्यक असून त्यासोबत ताठरता किंवा विश्रांतावस्थेतील कंप यांपैकी एक असावे लागते. कंप असलाच पाहिजे असे नाही. पुढील गोष्टी कोणत्याही उपकरणाविना पाहता येतात.

1. रुग्णास अंगठ्यावर तर्जनी वारंवार आपटावयास सांगावे. हालचाल क्रमाने लहान व मंद होत जाते काय ते पाहावे.
2. चालताना दोन्ही हात सारखे हलतात काय, वळताना किती पावले लागतात, हे मोकळ्या जागेत पाहावे.
3. चार ओळी लिहून घ्याव्यात. अक्षर बारीक होत जाणे हे बोलके लक्षण आहे.
4. वास कमी येणे, जुनी मलबद्धता, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे, यांविषयी घरच्यांना विचारावे.
5. कोठे पाय अडतो व कोठे अडत नाही, हे अवश्य विचारावे. दारात अडतो पण जिन्यावर अडत नाही, असे उत्तर आले तर ते थट्टेवारी नेऊ नये.
6. चालू असलेली सर्व औषधे पाहावीत. चक्कर येण्यावर दीर्घकाळ घेतलेली सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन, उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड आणि मानसरोगावरील काही औषधे यांमुळे हुबेहूब अशीच लक्षणे उत्पन्न होतात. आपल्याकडील सर्पगंधेचे कल्पही त्याच यादीत धरावेत; कार्लसन यांचा प्रयोग आठवावा. अशी औषधे थांबविल्यावर पुष्कळ रुग्ण हळूहळू सुधारतात. मात्र दुसऱ्याने दिलेले औषध त्या चिकित्सकाशी बोलल्याविना थांबवू नये.

बाहेरची खूण : बिनखर्चाचा उपाय

जमिनीवर आडव्या रेघा आखल्या असता अडलेला रुग्ण चालू लागतो, हे लंडनचे पर्डन मार्टिन यांनी 1967 मध्येच नमूद केले होते. याचे अलीकडील सुंदर उदाहरण पुण्याचे आहे. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या रचनाकार तरुणीने आपल्या कुटुंबातील पार्किन्सनग्रस्त ज्येष्ठांचे निरीक्षण केले. सपाट जमिनीवर आधाराविना चालू न शकणारे हे गृहस्थ जिना मात्र सहज उतरत. पायऱ्यांचा क्रमच त्यांच्या पावलांना सूचना देत होता. तेव्हा तिने सपाट जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र पसरले आणि ते त्यावरून न अडखळता चालले. हे काम तिने 2015 मध्ये नेदरलँडमधील डेल्फ्ट येथील व्याख्यानात जगासमोर मांडले. पुण्यातच नृत्यकार हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले. तेथेही ठेका हीच खूण होय.

आपल्या गावांतून हे करण्यास काही लागत नाही. दारापासून न्हाणीघरापर्यंत चुन्याने किंवा रंगाने पावलापावलाच्या अंतरावर आडव्या रेघा माराव्यात. पाय अडला असता घरच्यांनी ओढू नये. ओढल्याने रुग्ण पडतो. "एक, दोन" असा ठेका द्यावा किंवा समोर आपले पाऊल आडवे ठेवून ते ओलांडावयास सांगावे. भजनाच्या टाळाचा ठेकाही चालतो. एका वेळी एकच काम सांगावे. चालताना बोलावयास लावू नये. वर उल्लेखिलेल्या शेतकऱ्याच्या घरी उंबरठ्याअलीकडे पाच पांढऱ्या रेघा मारल्या गेल्या. त्या त्याच्या मुलानेच मारल्या, हे सांगण्यास मला समाधान वाटते. या उपायाने व्याधी थांबत नाही व प्रत्येकास तो सारखा लागू पडतो असेही नाही. पण पडणे टळले तरी ते थोडे नव्हे.

औषधयोजना व औषधविक्रेत्यांसाठी सूचना

कपिकच्छूविषयी आपल्याला अभिमान असावा. परंतु ती निरुपद्रवी वनस्पती आहे, या समजुतीने तिचा वापर करू नये. तिच्यात तेच द्रव्य आहे, जे लेव्होडोपाच्या गोळीत आहे.

लेव्होडोपा घेत असलेल्या रुग्णाची गोळी एकाएकी कधीही बंद करू नये. तसे केल्यास तीव्र ताठरता, ज्वर व बेशुद्धी येऊन जीवावर बेतू शकते. "इंग्रजी औषध सोडा, मग आमचे घ्या" असे वैद्याने म्हणणे हा येथे गंभीर प्रमाद ठरतो.

चालू गोळीत कपिकच्छूची भर घालावयाची असल्यास मज्जातज्ज्ञाशी विचारविनिमय करूनच घालावी. गोळीतील कार्बिडोपामुळे कपिकच्छूतील डोपाही मेंदूत अधिक प्रमाणात पोहोचतो व लहान मात्राही जड होऊ शकते. मळमळ, उभे राहताच रक्तदाब उतरणे, भास होणे, अंगाची अनैच्छिक वळवळ ही अतिमात्रेची चिन्हे होत. कवचबीजातील डोपाचे प्रमाण बियांची जात, पक्वता व प्रक्रिया यांनुसार बदलते. म्हणून दर महिन्यास वेगळ्या ठिकाणचे चूर्ण देणे म्हणजे दर महिन्यास मात्रा बदलण्यासारखे आहे. शक्यतो एकाच निर्मात्याचे प्रमाणित चूर्ण वापरावे.

औषधविक्रेत्यांनी विशेष ध्यानात घ्यावे की वाजीकर म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक चूर्णांत व पाकांत कवचबीज असते. गिऱ्हाईक वयस्क असल्यास पार्किन्सनची गोळी चालू आहे काय, एवढा एक प्रश्न विचारावा. लेव्होडोपाची गोळी जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घेणे हितकर असते, कारण डाळ, दूध इत्यादींतील प्रथिने तिच्या शोषणास अडथळा करतात. लोहाच्या गोळ्याही तिच्यासोबत देऊ नयेत. मंडूर व लोहकल्पांच्या बाबतीतही तेच अंतर राखणे सुज्ञपणाचे ठरेल. मलबद्धतेकडे दुर्लक्ष करू नये. अभ्यंग, मृदु स्वेदन व वैद्याच्या देखरेखीखाली बस्ती यांनी ताठरता व मलावरोध यांत रुग्णास आराम पडतो, असा अनुभव आहे; परंतु त्यांना डोपाचा पर्याय समजू नये.

समारोप

कंपवात समूळ बरा करणारे औषध आज कोणत्याही शास्त्राकडे नाही. तसे आश्वासन देणाऱ्या जाहिरातींपासून रुग्णास वाचविणे, हेही आपले कर्तव्य आहे. परंतु वेळीच निदान, योग्य मात्रा आणि घरातील चार रेघा यांनी रुग्णाची कित्येक वर्षे सुसह्य होऊ शकतात. मुख्य म्हणजे घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे की, हा माणूस काम टाळीत नाही. त्याचा मेंदू कामाची तयारी करू शकत नाही. माझ्या अनुभवात हे एक वाक्य ऐकल्यावर घरातील वागणूक ज्या त्वरेने बदलली, त्या त्वरेने कोणत्याही चूर्णाने लक्षणे बदललेली मी पाहिलेली नाहीत.

आपल्या परिसरात रुग्णांनी स्वतःच शोधून काढलेल्या अशा खुणा पुष्कळ असतील. कोणी काठीने पुढे टिचकी मारून पाऊल टाकत असेल, कोणी फरशीच्या सांध्यांवरून चालत असेल. व्यवसायबंधूंनी त्या टिपून ठेवाव्यात व या त्रैमासिकाकडे अवश्य कळवाव्यात, ही नम्र विनंती.